घासायचं नाही असं भांडं

१२ एप्रिल २०१६
टँकर आजही नाही. जिन्याखालच्या संडासात नवं भांडं बसवलं. आतून आमच्या शेडमध्ये बनवलेला थर: बारीक छिद्रांचा खरखरीत पाया, छिद्रांत मुरलेलं सिलिकॉनचं तेल. घाण तेलावर टेकते, भांड्याला चिकटत नाही. एका लोट्यात साफ. दुसरा ओतायला हात गेला. सवय. ओतला नाही.

१५ एप्रिल
संडास माझा आणि घरमालकीण शकीलाआपांचा एकच. त्यांना सांगितलं, ब्रश नको, ॲसिड नको.
"घासल्याबगैर साफ? मग हात कशाला दिले अल्लानं?"
"पाणी वाचतं, आपा."
"वाचव की. मी कुठं नाय म्हनते."

२० एप्रिल
चिकलठाण्याला नवी इमारत बांधणारे बिल्डर रविवारी भांडं बघायला येणार. पसंत पडलं तर सगळ्या फ्लॅटांत आमचंच. नाही तर शेड बंद, असं भागीदार गणेशशी ठरलंय. पसंत पडेल. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागसुद्धा धरलेले नाहीत.

२३ एप्रिल
शेडवरून आले. फाटकाशीच ॲसिडचा वास. आपांनी भांडं काथ्यानं घासून ठेवलेलं. बादलीभर पाणी त्यातच गेलं.
"उद्या मेहमान येणार म्हनलीस. असाच दाखवायचा का संडास, बेटा? लाज माझी जाते."
पाहुणे यायच्या आधी संडास घासायचा. माझी आईही तेच करायची. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.
लोटा ओतला. पाणी जागोजाग अडकलं. तेल गेलं.

संध्याकाळी
बोट फिरवलं. पाया शाबूत. तेल पुन्हा चोळलं, लोटा ओतला. सरसर खाली.
गणेश फोनवर: "बिल्डरसाहेबाला काय बी सांगू नका, ताई. भांडं चकाचक हाय, बास."
सांगणार. त्या इमारतीत प्रत्येक घरात एक आपा असणार.

२४ एप्रिल, रविवार
आपांना विचारलं, साहेबांसमोर घासाल का?
"काल तर तोंड फुगवून बसली होतीस."
"आज हात ढिला सोडू नका."
हसल्या. ओढणी खोचली, काथ्या भिजवला.
त्या घासतील. मी तेल चोळीन. साहेबांचा चहा होईपर्यंत मुरेल. मग लोटा साहेबांच्याच हातात द्यायचा. एकच भरून ठेवलाय.
फाटक वाजलं.