उसनी कुत्री

प्रिय श्वानशिक्षक ताई,

तुमच्या देशानं आमच्या बंदराला सहा महिन्यांसाठी उसनी दिलेली, अमली पदार्थ हुंगून शोधणारी कुत्री पहिला महिना ढिम्म होती. मी बिस्किटं चारून लाड करायचो आणि ती कंटेनरकडे पाठ करून बसायची. शेवटी तुम्ही फोनवर खडसावलंत, "अहो, ती काय पाहुणी आहे? मोज्याला गाठ मारा आणि तिनं माल हुंगून काढला की त्यानंच खेळा तिच्याशी!"

परवा त्याच मोज्यापायी तिनं तुमच्याकडून आलेल्या फरशांच्या खोक्यांतून दोनशे किलो अफू हुडकली. माल पाठवणारी टोळी तिकडे तुमच्या पोलिसांनी पकडली.

आता मुदत संपली, तिला परत पाठवा, असं तुमचं पत्र आलंय. पाठवतो, असंच लिहायला बसलो होतो. पण ती माझ्या पायांवर झोपलीय. उठून टपालपेटीपर्यंत जाणार कसं?

तुमचा,
एका पायात मोजा नसलेला कस्टम्सचा हवालदार