नमुना घराची पाटी पुसून गल्लीत फवारणी करणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र, निंबदरा, जि. बीड.

अर्जदार : भीमाशंकर महांतेश शेटे, किराणा दुकानदार, वाणी गल्ली, निंबदरा.

विषय : 'नमुना घर' ही पाटी रद्द करून मुलीचे रक्त याच घरी तपासणे व गल्लीत फवारणी करणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

हात जोडून कळविण्यात येते की,

१) अर्जदाराची पत्नी कावेरी ही रोज दिवेलागणीला फुटक्या घमेल्यात गोवरीचा विस्तव घेऊन त्यावर कडुलिंबाचा वाळला पाला, लसणाच्या साली व चिमूटभर ओवा टाकीत असे आणि ते घमेले घरभर फिरवून गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत नेत असे. दिव्यात निंबोळीचे तेल, रांजणाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा धडपा, आठवड्यातून एकदा रांजण घासून उन्हात पालथा. अर्जदार दुकानात टीव्हीवर जाहिरात येणाऱ्या कॉइल मांडून बसे, आणि ही बाई फुकटात डास हाकलून त्याच्या धंद्याचे वाटोळे करी. गल्ली यावरून त्याची थट्टा करायची. ते दिवस बरे होते.

२) ऑगस्ट १९९५ मध्ये आपल्या केंद्राचे पर्यवेक्षक फोटोग्राफर घेऊन आले. कावेरीला घमेल्याजवळ बसवून फोटो काढला, भिंतीवर निळ्या रंगात 'नमुना घर' रंगवले, अर्जदारास प्रमाणपत्र व शाल-नारळ दिला आणि एका कागदावर सही घेतली. अर्जदार मालाची चिठ्ठी शब्दन् शब्द वाचल्याशिवाय हमालाला पोते उतरवू देत नाही. पण त्या दिवशी खांद्यावर शाल होती, गल्ली बघत होती. कागद त्याने वाचला नाही. त्यात लिहिले होते की, वाणी गल्लीतील एकतीस घरे घरगुती उपायांनी सुरक्षित असून त्यांना फवारणी नको. संध्याकाळी नक्कल वाचून कावेरीने एवढेच विचारले, "धुरानं डास पळत्यात, मरत न्हाईत. सगळ्या गल्लीची सही तुमी काहून केली?"

३) त्यानंतर फवारणीचे पथक दर वेळी गल्लीच्या तोंडाशी येऊन, पाटी वाचून परत गेले. अर्जदाराच्या परड्यामागे नळयोजनेच्या गळक्या व्हॉल्व्हचा खड्डा बारमाही भरलेला असतो. तो बुजवणे कुणाच्याच कामात बसत नाही.

४) ऑक्टोबर १९९६ मध्ये कावेरीला थंडी वाजून ताप भरला. आरोग्यसेवक धुळाजी रक्त घ्यायला आले, पण नमुना घरात तापाचा रोगी दाखवला तर वरून विचारणा होईल, असे म्हणाले. वाट त्यांनीच सुचवली. अर्जदाराची बहीण गंगासागर ही गावातल्याच पेठेत राहते, तिच्या घरी जाऊन रक्त द्यावे. कावेरी अंगात ताप असताना चालत गेली व बोट टोचून घेऊन आली. चौसाळ्याच्या डॉक्टरांनी ताप उतरायच्या गोळ्या दिल्या व निकाल आला का, हेच विचारत राहिले. निकाल आठव्या दिवशी आला, हिवतापाचा, पेठेच्या पत्त्यावर. औषधही त्याच पत्त्यावर गेले. गंगासागर तेव्हा लेकीकडे तलवाड्याला होती. पुडी तिच्या दाराच्या कडीत खोचलेली सापडली, त्या आधी दोन दिवस कावेरी गेली होती.

मग नियमाप्रमाणे फवारणी झाली. पेठेत. रोगी तिथली होती ना, साहेब. गंगासागरच्या कुलूपबंद घराची ओसरीसुद्धा पांढरी झाली.

५) गल्लीने अर्जदाराशी बोलणे टाकले, ते योग्यच केले. अर्जदाराने पाटी खरवडली, तर सरकारी मजकूर नष्ट केल्याची नोटीस आली व पाटी नव्याने रंगवण्यात आली. या खेपेस अक्षरे मोठी आहेत.

६) सध्या अर्जदाराची मुलगी अपेक्षा पहिल्या बाळंतपणासाठी आलेली आहे. आई नसली तरी पहिले बाळंतपण माहेरीच, असा रिवाज. अर्जदाराने तो मोडायला हवा होता. तिला सातवा सरला आहे. तीन दिवसांपासून थंडी वाजून ताप येतो. दिवेलागणीला तीही आईच्याच घमेल्यात पाला जाळते आणि खोकत बसते. आज सकाळी धुळाजी आले, त्यांनी पाटी वाचली व आत्याबाई पेठेत आहेत ना, असे विचारले. अर्जदाराने त्यांच्यावर हात उचलला नाही, याची कृपया नोंद व्हावी.

७) तरी अपेक्षाचे रक्त आजच, याच घरी, याच पत्त्यावर घ्यावे, निकालाची वाट न बघता औषध तिच्या हातात द्यावे आणि गल्लीत फवारणी करावी. सन १९९५ ची सही अर्जदार या अर्जाने परत घेत आहे. एकतीसही घरांच्या सह्या सोबत आहेत. लोकांनी त्या अर्जदाराशी एक शब्द न बोलता केल्या, पण वाचून केल्या.

आपल्या यादीतील नमुनेदार, तरीही नम्र,
भीमाशंकर महांतेश शेटे
निंबदरा, दि. १९ सप्टेंबर १९९७

सोबत :
१) नमुना घराचे प्रमाणपत्र, मूळ प्रत. परत नको.
२) शाल. त्या दिवसानंतर घडी मोडलेली नाही.
३) एकतीस घरांच्या सह्या.
४) कावेरीचा घमेल्याजवळचा फोटो. आपल्या दप्तरी खात्री झाल्यावर हा मात्र परत मिळावा. घरात तिचा दुसरा फोटो नाही.