शेवटचं उत्तर ज्याचं

सोमवार, २ जून

नोकरी लागली! हार्लिंगनच्या बंदरावर, सायकलच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं ऑफिस. खिडकीतून बेटांकडे जाणारी फेरीबोट दिसते आणि सीगल इतके आगाऊ की डब्यातला चीज-ब्रेड लपवून खावा लागतो. कॉल सेंटरच्या कोंदट वर्षांनंतर मला तर हे सुट्टीवर आल्यासारखंच वाटतंय. कॉफीच्या वेळात टेबलाशीच बसून वहीत हे लिहितेय.

कंपनी छोटी. बेकरीवाले, दंतवैद्य, बोटी भाड्याने देणारे, अशा लोकांच्या वेबसाइट आमच्या सर्व्हरवर असतात. साइट बंद पडली, ईमेल येईना, पासवर्ड विसरला, की ते आम्हाला लिहितात. अशा प्रत्येक तक्रारीला आम्ही तिकीट म्हणतो. मालक वीब्रन, हिशेबापासून झाडांना पाणी घालण्यापर्यंत सगळं बघणारी त्याची मेहुणी हिस्के, आणि तिकिटांना उत्तरं देणारी मी, निन्के. संपली कंपनी.

पगाराचं वीब्रनने फार प्रेमाने समजावलं. ठरलेली रक्कम किरकोळ, पण बंद होणाऱ्या प्रत्येक तिकिटामागे वर पैसे. तिकिटावर शेवटचं उत्तर ज्याच्या नावाचं, पैसे त्याचे. शिवाय स्वतःची एक वेबसाइट फुकट. म्हणाला, अगं, हात चालवलास तर माझ्यापेक्षा जास्त कमावशील! फुकटच्या वेबसाइटवर मी काय बटाटे विकू? पण घरभाडं सुटायला हवं. नाही सुटलं तर झ्वोलेला आईकडे परत, आणि ते मला मेले तरी करायचं नाही.

बुधवार, ४ जून

इथल्या घरोघरी असतं तसं ऑफिसच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलंय, तिथे हिस्केने आज माझंही नाव लिहिलं. बारा जूनला कुणा योरितचं नाव दिसलं. विचारलं तर म्हणाली, तुझ्याआधी या खुर्चीत बसायचा, गेला. मी विचारलं, कुठे? ती म्हणाली, अगं, गेला म्हणजे गेला. मार्चमध्ये, दुपारच्या कॉफीच्या वेळी, याच खुर्चीत. आधी म्हणे डावा हात बधिर झाला. तरी उजव्या हाताने उत्तर लिहीत बसला, कारण अर्धवट सोडलं तर पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात.

मी वीब्रनकडे दुसरी खुर्ची मागितली. तो म्हणाला, काय झालंय खुर्चीला? महागाची आहे.

शुक्रवार, ६ जून

काहीतरी विचित्र चाललंय. तिकीट उघडावं तर उत्तर आधीच गेलेलं. नीटनेटकं, अचूक, आणि खाली ठरलेली ओळ: ‘कळवा, मी इथेच आहे. योरित.’

मला वाटलं त्याने काहीतरी आपोआप उत्तर देणारं बसवून ठेवलं असेल. पण फ्रानेकरच्या बेकरीवालीने फोन करून सांगितलं, योरितला माझे आभार सांग हं, गुडघ्याच्या ऑपरेशनची आठवणीने चौकशी केली त्याने. यंत्र कुणाच्या गुडघ्याची चौकशी करत नाही.

मी वीब्रनला म्हटलं, मेलेल्या माणसाचं खातं अजून चालू का ठेवलंयस, बंद कर. त्याने पडद्यावर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चेहरा असा खुलला की काय सांगू! ही तिकिटं बंद होतात आणि पैसे कुणालाच द्यावे लागत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. कोण लिहितंय हेसुद्धा विचारलं नाही त्याने. म्हणाला, राहू दे की, कुणाला काय त्रास आहे?

मंगळवार, १० जून

मला आहे त्रास. सकाळी येते तेव्हा निम्मी तिकिटं त्याने संपवलेली असतात. या हिशेबाने भाडं सुटत नाही. वीब्रनला तसं स्पष्ट सांगितलं, तर म्हणतो, मग त्याच्यापेक्षा चपळ हो ना! आणि स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी हिस्के खाली सिगारेट ओढत होती. तिने हळूच सांगितलं ते ऐकून तर हात शिवशिवले. ॲम्ब्युलन्सची माणसं योरितला जिन्यावरून उतरवत होती, आणि वीब्रन आपल्या टेबलाशी बसून योरितच्या महिन्याभराच्या तिकिटांवर एकेक ओळ चढवत होता: ‘धन्यवाद. वीब्रन.’ शेवटचं उत्तर वीब्रनचं, पैसे वीब्रनचे. योरितच्या म्हाताऱ्या आईच्या तोंडाला पानं पुसली. अंत्यविधीला फुलं मात्र मोठी पाठवली मेल्याने.

वर येऊन खुर्चीत बसले आणि मोठ्याने म्हणाले, योरित, सोडू नकोस याला. कानामागून गार वारा आल्यासारखं वाटलं. खिडकी बंद होती.

बुधवार, ११ जून

आज मीही केलं. योरितच्या प्रत्येक उत्तराखाली एक ओळ टाकली: ‘धन्यवाद. निन्के.’ शेवटचं उत्तर माझं झालं.

वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही. मेलेल्याला घरभाडं नसतं. आणि पैसे वीब्रनच्या खिशातून जाणार आहेत, ते तर फारच छान. पगाराच्या दिवशी त्याचं तोंड बघायचंय मला.

गुरुवार, १२ जून

कॉफीच्या वेळी टेबलावर केक होता. गुलाबी साखरेचा, आपला नेहमीचा, बेकरीच्या खोक्यात. ज्याचा वाढदिवस त्याने केक आणायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी आणला नव्हता. हिस्केने नव्हता आणला. ती संडासात जाऊन कॅलेंडर बघून आली आणि तिचा चेहरा पांढराफटक झाला.

वीब्रन मात्र, कुणाचा का असेना, म्हणत दोन मोठे तुकडे चापून बसला. फुकट ते पौष्टिक याच्यासाठी. मीही एक लहानसा खाल्ला, कडेचा. हिस्केने हात लावला नाही.

शुक्रवार, १३ जून

वीब्रनला तिकीट आलं. ग्राहकाचं नाव: योरित. ‘डावा हात बधिर झालाय. उत्तर द्या.’

तो माझ्यावर धावून आला. म्हणाला, लाज नाही वाटत असल्या थट्टा करायला? मी म्हटलं, मी केलेलं नाही, पण ज्याने केलं त्याचं कौतुक आहे. त्याने ‘धन्यवाद. वीब्रन.’ टाकून तिकीट बंद केलं. ते आपोआप उघडलं. पुन्हा बंद केलं. पुन्हा उघडलं. दुपारभर हेच. मी कॉफी पीत बघत होते. निघताना तो डावा दंड चोळत होता.

सोमवार, १६ जून

वीब्रन गेला. शनिवारी दुपारी हिस्केला सापडला. त्याच्या खुर्चीत नव्हे, माझ्या. उजवा हात कीबोर्डवर. त्याच्या ‘धन्यवाद’च्या खाली एकच ओळ होती: ‘कळवा, मी इथेच आहे.’

बरं झालं. लिहून ठेवते, बरं झालं! हिस्के थोडी रडली, मग डोळे पुसून म्हणाली, आता योरितच्या आईचे पैसे मी देते. संध्याकाळच्या बोटीने बेटावर बहिणीकडे, वीब्रनच्या बायकोकडे, गेली.

मला वाटलं संपलं. पण जायच्या आधी पडद्यावर एक तिकीट आलं. वीब्रनला नाही. मला.

‘माझ्या उत्तरांखाली तुझं नाव का?’

मंगळवार, १७ जून

ओळी काढून टाकायला बसले. निघत नाहीत. एकदा गेलेलं उत्तर काढता येत नाही, खाली नवीन जोडता येतं फक्त.

जोडलं. ‘हे काम योरितचं आहे.’ प्रत्येक तिकिटावर. पण माझ्या खात्यातून गेलं, वर नाव माझंच. शेवटचं उत्तर पुन्हा माझं.

माफी मागितली. तीही माझ्याच नावाने. त्याच्या खात्यात शिरायला पासवर्ड — वीब्रनलाच माहीत होता.

तिकीट उघडलं. बंद केलं. उघडलं —

माझ्या लिहिण्याने हे मिटणार नाही. त्यानेच लिहायला हवं.

बुधवार, १८ जून

डावा हात बधिर.

हिस्के फोन उचलत नाही. खाली सायकलवाला शीळ घालतोय, लख्ख ऊन आहे, आणि मला उठता येत नाही.

हात कीबोर्डवर आहे. मी ठेवलेला नाही. पासवर्ड टाकला त्याने — मला माहीत नसलेला. योरितच्या खात्यात शिरला. माझ्या ओळींखाली लिहीत चाललाय. एकेक. एकेक.

आधी बरं वाटलं. लिही बाबा, तुझं तुला घे, आणि सोड मला.

संपली सगळी. हात सोडत नाही. नवीन तिकीट आलं. दंतवैद्य. त्यालाही उत्तर —

ती संपणार नाहीत. लोकांचं काही ना काही बिघडतच राहणार —

बोटं किती गार —

आता उजवा. पेन धरलंय ते मी की — आई, मी येते, झ्वोलेला येते, मी —

नमस्कार. आपली तक्रार वाचली. काळजी करू नका. काही लागलं तर कळवा, मी इथेच