गाठींचा हार

आबा, तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं, की पोरगी पोटाला काय करते. तर ऐका. जळगावात माझं दुकान आहे आणि मी लाकडाचे दागिने विकते. हसू नका! वखारीतले सागाचे तुकडे, मोडक्या खाटेचे पाय, सायकलच्या तारा, केळीच्या सोपटाचा दोरा, लोक जे टाकून देतात त्यावर माझी चूल पेटते, आणि झकास पेटते. कॉलेजातल्या पोरींपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्या माझी कानातली घालून मिरवतात. कानस कशी धरायची हे तुम्ही कधी शिकवलं नाहीत, मी बघूनच शिकले.

भडगावची आपली पडवी अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही बैलगाडीची दांडी तासताय. बाभळीत गाठ आली की तुम्ही तेवढा तुकडा कापून बंबाच्या सरपणात फेकता, कारण गाठीवर तासायचा वाकस उसळतो आणि दांडी नेमकी तिथंच मोडते. मी त्यातली एक गाठ उचलते, पायरीवर घासते, तेल लावते. आत तपकिरी वेटोळी निघतात, अशी सुंदर! तापलेल्या खिळ्यानं भोक पाडून, दोऱ्यात ओवून, गळ्यात घालून मी ऐटीत तुमच्यासमोर उभी राहते. तुम्ही मान वर करता. "नाठाळ ढोरना गयामा लाकूड टाकतस. तू ढोर शे का?" उधळ्या गाईच्या गळ्यात लोढणं अडकवतात, तेच तुमच्या डोक्यात. दोरा तोडलात आणि गाठ बंबात. मला तेव्हा भयंकर राग आला होता, आबा. अजून थोडा आहे.

तुम्ही गेल्यावर पडवीत सरपणाचं पोतं तसंच राहिलं होतं. त्यातल्या सगळ्या गाठी मी जळगावला आणल्या. त्यांचा एक हार केला. तो मात्र विकायला ठेवला नाही. मला तो कानबाईच्या गळ्यात बघायचा होता. तुमच्या हातचं टाकलेलं लाकूड देवीनं घालावं, म्हणजे आपला वाद मिटला, असा माझा हिशोब. दर श्रावणात हार भडगावला न्यायचे आणि तसाच पिशवीतून परत आणायचे. कानबाई म्हणून मांडलेल्या नारळाला नथ, डोरलं, भाऊबंदांच्या घरचं सोनं, त्यात लाकूड काढायची छाती होत नव्हती.

यंदा काढला. वहिनी म्हणाली, "अहो ताई, देवीला लाकूड? लोक तोंडात शेण घालतील." पण साज चढवायचा मान अक्काआत्याचा. आत्या आता वाकून गेलीय, तरी कानबाई तीच सजवते. तिनं हार हातात घेतला, नाकाशी नेला, गाठींवरून अंगठा फिरवला.

"हाई भाऊनी बाभूय शे ना?"

"हो आत्या. आबांनी टाकलेली."

"मंग घाल ना वं! कानबाई काय सोनारनी पोर शे?"

बायका खो खो हसल्या. आत्यानं स्वतः हार चढवला, सोन्याच्या वर, अगदी मधोमध. रात्रभर गाणी, फुगड्या, नैवेद्याच्या रोटांचा घमघमाट, आणि मी आपली हाराकडेच बघत बसलेली. डोळे भरून येत होते, पण छाती फुगली होती.

सकाळी कानबाईला गिरणा नदीवर विसर्जनाला न्यायच्या आधी दागिने उतरवले. ज्याचं त्याला मिळालं. आत्यानं हार माझ्या हातात न देता सरळ गळ्यात घातला. आबा, साऱ्या जळगावाच्या गळ्यात मी लाकूड घातलं, स्वतःच्या गळ्यात मात्र पडवीतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. अंगणात ताठ मानेनं मिरवले.

घरात शिरताना तेवढं, तुमच्या फोटोसमोर, पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला.