हवेलीचे छत आणि धाकटा भाऊ

मी, कमानींचे लाकडी साचे करणारा सुतार, वय एकोणऐंशी. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. माझ्यामागे कोणाला काय मिळावे ते कोणाच्याही दडपणाविना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधीचे काही लिहिलेले सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर पत्नीचे. तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. भांडायचेच असेल तर आईच्या माघारी भांडावे.

२. करवती, रंधे, पटाश्या मुलीला. मुलाने त्यांना "भंगार" म्हटले होते, ते मी विसरलेलो नाही. बँकेतली शिल्लक त्याला. पैशांना तो भंगार म्हणणार नाही.

३. गॉथिक हवेलीच्या दिवाणखान्याचे माझे नकाशे धाकट्या भावाला. तो गवंडी. दीडशे वर्षांपूर्वीची ती हवेली बांधायला दोन पिढ्या लागल्या. ज्याने पाया घातला त्याने छत पाहिले नाही. वादळात धुराडे कोसळून ते दगडी छत आत आले, तेव्हा आम्ही दोघांनी ते पुन्हा उभारले. खाली दगड जुळेपर्यंत भार तोलणारा माझा साचा, वर त्याचे दगड. रंगीत काचांच्या उंच खिडक्यांमधल्या भिंतींवरून आठ दगडी फासळ्या वर चढतात आणि टोकाला एकमेकींना टेकतात. मध्ये खांब नाही, लोखंड नाही.

साचा काढायच्या दिवशी मी सगळ्या मजुरांसमोर ओरडलो, "चुना अजून ओलाय. महिनाभर थांब. माणसं मारशील!"

तो म्हणाला, "दादा, तू पाचरी सैल कर. मी खाली उभा राहतो."

मी साच्याखालची एकेक पाचर ठोकून सैल केली. साचा सूतभर उतरला. छत जागच्या जागी. साचा आणि छत यांच्यामधल्या फटीतून उजेड दिसला. एवढा दगडांचा डोंगर आता नुसता एकमेकांच्या आधाराने उभा होता. अंगावर काटा आला. आणि मी, सगळ्यांसमोर खोटा ठरलो म्हणून, हत्यारे गोळा करून निघून आलो.

सव्वीस वर्षे आमचे बोलणे नाही. दरवर्षी मी तिकीट काढून हवेलीत जातो. आधी तडा शोधायला जायचो. तो काही सापडला नाही. आता नुसतेच पाहायला जातो, आणि दर वेळी तोंड उघडे ते उघडेच राहते. त्या दिवशी त्याचेच बरोबर होते, हे त्याला माझ्यामागे वाचून दाखवावे.

दुरुस्ती : कलम ३ खोडले आहे. वकीलबाईंनी मसुदा वाचून विचारले, "काका, आणि भाऊच तुमच्याआधी गेले तर?" मुलीला पाठवून त्याला बोलावून घेतले. नकाशे हातात दिले. वाचून दाखवायचे होते ते तोंडाने सांगितले. त्याने नकाशा मांडीवर उलगडून छताच्या टोकावर बोट ठेवले.

"त्या दिवशी मीही घाबरलो होतो, दादा."

"मग खाली उभा का राहिलास?"

"पाचरी तू सोडत होतास ना."

पुढे लिहवत नाही. सही करतो.

ठिकाण : राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक : ९ मार्च २०२६, दुपार

(सही) साचेवाला सुतार

आमच्यासमोर सही झाली :
१. शेजारचे डॉक्टर
२. सही करणाऱ्याचा धाकटा भाऊ, गवंडी. यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, म्हणून साक्षीला चालतात.