उलटं बसवलेलं वायसर

बाबा, तुमची छर्‍याची बंदूक मी परवा उघडली. तिगावच्या मामाचा मुलगा आता ती संत्र्याची बाग पाहतो. वांदरं फार झाली म्हणून त्याने बंदूक मागितली. मी म्हटलं, दुरुस्त करून देते. सौसरच्या शाळेत मी मुलांना हवेचा दाब शिकवते, आणि तुमच्या दुकानात स्टोव्हचे पंप खोलतच मोठी झाले. जमेल असं वाटलं. पांढुर्ण्याच्या घरी माळ्यावर ती तुम्ही गेल्यापासून पोत्यात गुंडाळलेली होती. परसात भिंतीला पुठ्ठा टेकवला आणि दहा पावलांवरून एक छर्रा मारला. तो पुठ्ठ्याला लागून खाली पडला, भोकही पडलं नाही. छर्रा भरायला नळी खाली मोडताना स्प्रिंगचा जोर मात्र हाताला चांगला लागत होता, आणि चाप ओढला की आत लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येत होता. तेव्हा तुमचा कापूस आठवला. नळी जिथे मोडते त्या सांध्यावर कापसाचा पुंजका ठेवायचा आणि छर्रा मारायचा. कापूस उडाला तर सांध्यातलं वायसर गेलं, नाही उडाला तर आतलं गेलं. मी दोनदा करून पाहिलं. कापूस जागचा हलला नाही. म्हणजे दोष आत होता, स्प्रिंगच्या पुढच्या दट्ट्यावर वायसर म्हणून चामड्याची वाटी असते तिच्यात.

स्क्रू काढून लाकडी दस्ता वेगळा केला, तर लाकडाच्या खाचेत कापसाचा बोळा ठासलेला होता. खडखड होऊ नये म्हणून घातला असेल, असं समजून मी तो बाजूला ठेवला. मग तुमच्या जुन्या शिकंज्यात नळकांडं धरलं, तोंडावर जाड फडकं दाबलं आणि हळूहळू स्प्रिंग सैल केली. तुम्ही सांगायचे, "स्प्रिंगच्या समोर कधी तोंड न्यायचं नाही पोरी, ते कोणाची सगी नाही." मी तोंड बाजूला ठेवलं. दट्ट्या बाहेर आला. मला वाटलं होतं वायसर फाटलेलं, झिजलेलं, सुकून कडक झालेलं असेल. तसं काही नव्हतं. काठ शाबूत होता, एरंडेलाचा वास अजून होता. जवळजवळ नवं वायसर, आणि ते उलटं बसवलेलं होतं.

मी किती वेळ ते हातात धरून बसले, मला सांगता येणार नाही. आधी वाटलं, माझंच काही चुकत आहे. मी दट्ट्या फिरवून पाहिला, पुन्हा पाहिला. वाटीचं तोंड मागे, स्प्रिंगकडे. स्टोव्हच्या पंपावर मला पहिली गोष्ट तुम्ही हीच शिकवली होती. मी आठ वर्षांची असेन, दुकानात पाटावर बसले आहे, तुम्ही माझ्या बोटांवर तेल लावत आहात. "वाटीचं तोंड हवेकडं. हवा भरली का वाटी फुलते अन् नळीले चिपकते. उलटी बसवली त हवा बाजूनं पळून जाते, मंग कितीही पंप मार." जत्रेत फुगे फोडायचा खेळ लावणारे लोक दुरून तुमच्याकडे बंदुका आणायचे. त्या शेकडो बंदुकांत तुमच्या हातून एक वायसर उलटं गेलं नाही. मग घरच्या बंदुकीत ते चुकून कसं जाईल? ते चुकून गेलं नव्हतं. तुम्ही ते तसं बसवलं होतं.

नंतर मी तो कापसाचा बोळा उलगडला. आत एक छर्रा होता, एका बाजूने चपटा झालेला, काळपट.

बाबा, मला त्या रविवारचं सगळं आठवतं. मी बारा वर्षांची आहे. मामाच्या बागेत तोडा चालू आहे, संत्र्याचे ढीग लागले आहेत, आणि वांदरं हाकलायला बंदूक माझ्याकडे दिली आहे, कारण मामाच्या मुलांपेक्षा माझा नेम चांगला आणि तुम्हाला त्याचं कौतुक. तुमची अट एकच होती. "पाला हलला म्हणून मारायचं नाही. वांदर डोळ्यानं दिसलं पाहिजे, अन् तरी बी हवेत." दुपारी विहिरीजवळच्या झाडाचा पाला हलला. मी छर्रा मारला. त्यानंतर थोड्या वेळाने मामा तुम्हाला धरून आणत होते. तुमच्या डाव्या डोळ्यावर दुपट्टा दाबलेला होता, शर्टावर रक्त होतं. तुम्ही मला पाहून म्हणालात, "काई नाही, संत्र्याचा काटा गेला." शिडीवरून तोडताना काटे लागतातच. नागपूरच्या दवाखान्यातून तुम्ही आठ दिवसांनी आलात ते एक डोळा घेऊन. घरात सगळे काटाच म्हणत राहिले. मीही म्हणत राहिले.

त्याच महिन्यात बंदूक नरम पडली. तुम्ही म्हणालात, वायसर घासलं, या मापाचं भेटत नाही. पुढे कितीतरी वर्षं तेच उत्तर. आणि कॉलेजातून सुटीला आलेली मी, दुकानात चार गिर्‍हाइकं बसलेली असताना काय म्हणाले ते तुम्ही विसरला नसाल. "लोकाच्या बंदुका नीट होतात, घरचीच होत नाही. एका डोळ्यानं दिसत नसन त दुकान बंद करा न." गिर्‍हाइकांपैकी एक जण हसला. तुम्हीही हसलात. म्हणालात, "मास्तरीणबाईचं म्हणणं बरोबर आहे." आणि हातातला पंप जोडायला लागलात. मी त्या दिवशी स्वतःला फार हुशार समजले होते.

छर्रा मुठीत घेऊन मी आईकडे गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तळहात उघडून दाखवला. तिने चष्मा वर करून पाहिला आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

"भेटला का तुले," ती म्हणाली. "मी म्हणो, फेकला असन."

"आई, हा बाबांच्या डोळ्यातला आहे?"

"मंग कोणाच्या? नागपूरच्या डॉक्टरले बी त्यायनं काटाच सांगतला. डॉक्टर म्हणे, काट्यात शिसं कुठून आलं? मंग हात जोडले त्याले."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"मले गळ्याची किरिया घातली होती. म्हणे, पोरीले समजलं त ते जलमभर मान वर करून पाहणार नाही. शिकून राहिली, शिकू दे." मग सूप झटकत म्हणाली, "तू दुकानात तसं बोलली, त्या दिशी मी सांगनार होती. त्यायनं जेवणाचं ताट सरकवलं अन् म्हणे, सांगतलं त मी या घरात जेवणार नाही."

दोन दिवस झाले. शाळेत जाते, फळ्यावर लिहिते, मध्येच खडू हातात तसाच राहतो. मुलं वाट पाहतात. बंदूक अजून पेपरवर उघडी पडली आहे. वायसर सरळ करून बसवायला दहा मिनिटं लागतात, मला माहीत आहे. मामाचा मुलगा रविवारी येणार आहे. या मापाचं वायसर भेटत नाही, असंच मी त्याला सांगेन. छर्रा पुन्हा कापसात गुंडाळून तुम्ही ठेवला होता तिथेच ठेवणार आहे आणि हा कागद त्याच्यासोबत, घडी घालून. दस्त्यात तेवढी जागा आहे.

एक गोष्ट आईलाही सांगितली नाही. त्या दुपारी मी चाप ओढला तेव्हा झाडाच्या पलीकडून आवाज आला होता, "अगं आई गं." तो वांदराचा नव्हता. मी ऐकला होता. मी बंदूक तिथेच टाकून विहिरीच्या मागे जाऊन बसले, आणि तुम्ही काटा म्हणालात तेव्हा मला फार बरं वाटलं.