फिरकी धरणारीचं गणित

९ जानेवारी १९९७
पुरे झालं! मी फळ्यावर बाण काढून दोरीतला ताण शिकवतेय, आणि खिडकीबाहेर सगळं सुरत पतंग उडवतंय. आज पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगून टाकलं — उत्तरायणाला भाजीवाल्याचा स्प्रिंगचा काटा घ्या, मांज्याला अडकवा, ताण मोजा, कोन मोजा. ज्याचा पतंग त्याचं गणित. नंतर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकानं आपापला आलेख काढायचा. पोरं बाकांवर चढायचीच बाकी होती!

१० जानेवारी
प्राचार्यांचं बोलावणं. "बेन, धाबा पर कॉलेज ना चाले." गच्चीवर कॉलेज चालत नाही म्हणे. वर आठवण — माझी नोकरी हंगामी, कायम करायचं की नाही ते याच महिन्यात ठरणार. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्लीही काढून घेतली. घरी आई चिडली: "पतंग उडाडीसन पगार भेटस का?"
बघूच.

१४ जानेवारी
आमच्या डिंडोलीत पतंग कटला की गच्चीगच्चीवर "काप्यो छे!" लोटूनं दरवर्षीसारखी मांज्याची फिरकी माझ्या हातात कोंबली. धरली. मोठा भाऊ ना! बोटं सोलली.

१६ जानेवारी
पोरांनी काय काय आणलंय! पेच लागताच सुकलालचा काटा तुटला, तेही त्यानं इमानदारीत लिहिलंय. धर्मेंद्र म्हणतो, "तापीवरचा वारा वेगळा, गल्लीतला वेगळा, मॅडम!" वर्गातली एकटी मुलगी वर्षा — तिचा कागद कोरा. "मला पतंग देतच नाहीत. मी फिरकी धरते." बोटांना माझ्यासारख्याच पट्ट्या.
लाज वाटली. मीही परवा तेच करत होते, आणि गणित मात्र पतंगवाल्यांसाठी काढलं! म्हटलं, मग फिरकीचंच सांग. मग म्हणाली, "भाऊ 'लपेट' ओरडला की सुरुवातीला हात वेडे होतात. दोरा चढून फिरकी जाड झाली की हात निवांत." अगं, हेच तर! जाडी वाढली की एका फेऱ्यात जास्त दोरा येतो. म्हटलं, आता हेच मोजून आण.

२० जानेवारी
किल्ली मागितली. नाही म्हणाले. नका देऊ! स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासवाल्या मगनभाईंना गाठलं. चपला बाहेर काढून सगळा वर्ग आत. वर्षाचा आलेख पडद्यावर उमटला — तिची स्वतःची रेघ! — आणि ती हसायलाच लागली. सुकलाल म्हणाला, "आमची फिरकी तर बहीण धरते. तिलापण आणू?"
आण!

२७ जानेवारी
प्राचार्य आज गोड. "तमने कायमी करीए छीए." अट एकच — वर्ग खोलीबाहेर न्यायचा नाही, गल्ली-गच्चीचं काही शिकवायचं नाही. मी "नको" म्हटलं आणि बाहेर पडले.
मी कायम होणारच असं धरून आईनं सकाळीच पेढे आणून ठेवलेत. तिला अजून सांगितलं नाही.